जुन्या घराच्या भिंतीचा गिलावा पुन्हा पुन्हा का फुगतो, आणि त्यावर काय करायचं

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. नागपुरात महाल असो, इतवारी असो की जुनी शुक्रवारी. दीड-दोन फूट जाड भिंतींचं जुनं घर, आणि तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांचा पट्टा सतत खराब. आधी रंगाला फुगे येतात, मग पोपडे निघतात, मागून पांढरी भुकटी गळू लागते आणि एक दिवस गिलाव्याचा हातभर तुकडा कपाटामागे कोसळतो. मिस्त्री येतो, खरवडतो, सिमेंटचा नवा गिलावा मारतो, त्यात वॉटरप्रूफिंगचं औषध घालतो, वरून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. "काका, आता दहा वर्षं पाहूच नका." दिवाळी छान जाते. पुढचा पावसाळाही निभतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तीच भिंत पुन्हा फुगते, आणि या वेळी खराब पट्टा आधीपेक्षा फूटभर वर सरकलेला असतो.

त्या वर सरकलेल्या फूटभराकडे आधी लक्ष द्या. ओल थांबली असती तर पट्टा वर गेला नसता. सिमेंटने ओलीची बाहेर पडायची वाट अडवली, म्हणून ती भिंतीच्या आतून वर चढली आणि जिथे जुना गिलावा शिल्लक होता तिथून बाहेर आली. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या कामात आहे आणि हे ठामपणे सांगतो: या भिंतींना सिमेंट लावत राहाल तोवर हे रडगाणं संपणार नाही. पण नुसतं सिमेंटच्या जागी चुना लावूनही ते संपत नाही. आधी पाण्याचा बंदोबस्त, मग सिमेंट काढणं, मग भिंतीतलं मीठ, आणि सगळ्यात शेवटी चुना. हा क्रम उलटा केला की चुन्याचे पैसेही वाया जातात आणि वर "चुना टिकत नाही" अशी बदनामी होते.

भिंत मुळात कशी आहे

खाली काळ्या दगडाचं जोतं. वर पातळ भाजक्या विटा, मातीत किंवा चुन्यात बसवलेल्या. कित्येक घरांत मधल्या गाभ्यात कच्च्या विटा आणि मातीचा भराव. हल्लीच्या बांधकामात जोत्यावर ओल अडवणारा थर टाकतात, तसा थर यांत नसतो. त्यामुळे जमिनीतलं पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून थोडंफार वर चढणारच, साधारण मीटरभर. जुन्या गवंड्यांनी ते गृहीतच धरलं होतं. चढलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन उडून जाई. दर वर्षी चुन्याचा हात फिरे. खालची जमीन सारवलेली असे, तीही ओल सोडत राही. घरातली मोठी माणसं "आमच्या वेळी ओल नव्हती" म्हणतात तेव्हा त्यांना दिसलं ते खरंच असतं. आलेली ओल त्याच त्या दिवसांत निघून जात होती.

सिमेंटचा गिलावा दाट आणि कडक. तो वाफ अडवतो. शिवाय मऊ विटेची भिंत उन्हापावसात हलते तसा तो हलत नाही, म्हणून त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. पावसाचं पाणी त्या भेगांतून आत जातं आणि बाहेर यायला रस्ता उरत नाही. गिलावा सुटतो तेव्हा सोबत विटेची वरची साल ओढून नेतो. हे नुकसान सगळ्यात वाईट, कारण गिलावा नवा करता येतो, विटेचा भाजका पापुद्रा परत येत नाही.

आता ती पांढरी भुकटी. तो लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ. जमिनीतून, जुन्या नालीतून, पूर्वी भिंतीला लागून गोठा असेल तर गुरांच्या मुतातून ते आलेलं असतं. थोडं सिमेंटमधूनही येतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. गिलाव्याआड त्याचे स्फटिक वाढतात आणि छिद्रं आतून फोडतात. यात आपल्या हवेचा हात मोठा आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास आणि हवा ठणठणीत कोरडी. ऑगस्टमध्ये तीच हवा दमट. मीठ ऑगस्टमध्ये विरघळतं, उन्हाळ्यात पुन्हा गोठतं, वर्षानुवर्षं. यातलं सोडियम सल्फेट नावाचं मीठ तर साधारण ३२ अंशांच्या खाली पाणी ओढून घेऊन जवळपास चौपट फुगतं. म्हणून पोपडे खरे गळतात ते कोरड्या दिवसांत, आणि लोक पावसाळ्यात शोध घेत बसतात.

पाणी कुठून येतंय

यावर जितका वेळ द्याल तितका थोडा. बहुतेक घरांत कारण एक नसतं, दोन-तीन मिळून असतात.

सगळ्यात आधी कूलर पाहा. नागपुरात हे कारण मी पहिलं धरतो. मागच्या खिडकीत, सांदवाडीच्या म्हणजे दोन घरांमधल्या बोळाच्या बाजूला, लोखंडी स्टँडवर मोठा कूलर असतो. टाकीचा तळ गंजलेला, पाइपाचा जोड ओघळतो, टाकी भरायला लावलेला नळ विसरला की पाणी काठावरून भिंतीवर. एप्रिल ते जून, दिवसरात्र. आणि ते साधं पाणी नसतं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार टाकीत साचत जातात. कूलरच्या गवताच्या ताट्यांवर पांढरा थर धरतो तो त्याचाच. म्हणजे ओघळणारं पाणी भिंतीला ओलही देतं आणि मीठही. खिडकीखाली त्रिकोणी किंवा जिभेच्या आकाराचा डाग असेल, तो उन्हाळ्यात ओला आणि दिवाळीनंतर कोरडा होत असेल, तर जमिनीतल्या ओलीचा तिथे संबंध नाही. कूलर भिंतीपासून वीतभर दूर घ्या, टाकीखाली पत्र्याचा ट्रे ठेवा, ट्रेला नळी जोडून पाणी नालीपर्यंत न्या. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करा, पण ते पाणी भिंतीच्या पायथ्याशी ओतू नका. एवढ्यानेच काही भिंती एका वर्षात सुधारलेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरं कारण रस्ता. शहरात सिमेंटचे रस्ते झाले आणि जुन्या वस्त्यांत बऱ्याच ठिकाणी रस्ता घराच्या जोत्याच्या बरोबरीने किंवा त्याहून वर आला. पूर्वी दोन-तीन पायऱ्या चढून ओसरीवर जावं लागे, आता ओसरी रस्त्याच्या खाली. म्हणजे जे जोतं हवेत होतं ते जमिनीत गेलं, आणि जमिनीतून चढणारी ओल आता थेट विटेपासून सुरू होते. रस्ता खाली करणं आपल्या हातात नाही. पण भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये वीत-दीड वीत रुंदीची पट्टी मोकळी करता आली तर करा. तिथलं सिमेंट फोडा, उथळ चर काढा, तळाला नालीकडे उतार द्या, आणि गिट्टी भरा. चर पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका, आणि एका दमात पूर्ण भिंतीच्या लांबीने खणू नका. तीन-चार फुटांचे तुकडे करत पुढे जा.

काळ्या मातीच्या भागात ही काळजी दुप्पट. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग मेमध्ये रुंद आणि ऑगस्टमध्ये बारीक होत असेल तर ती पायाची हालचाल आहे, गिलाव्याचा दोष नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि वर्षभर मोजत राहा. अशी भेग सिमेंटने घट्ट भरली की ती शेजारी दुसरी भेग पाडते. भेग हलत असेल तर गिलाव्याचं काम थांबवा आणि आधी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

मग घराच्या आतलं पाणी. अंगणात फरशी किंवा टाईल्स बसवताना उतार भिंतीकडे गेलाय का, हे बादलीभर पाणी ओतून पाहा. कवेलूच्या (कौलांच्या) छपराची पन्हळ फुटली असेल तर पाणी एकाच जागी भिंतीवर पडतं आणि उलट दिशेने, वरून खाली डाग येतो. सामाईक भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मोरी आहे का, हे गोडीत विचारून घ्या. नळाची गळती शोधायला रात्री घरातले सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा पाहा; आकडा हलला असेल तर पाइप कुठेतरी गळतोय. वाड्यात जुनी विहीर असेल तर तिचा उपयोग करून घ्या. मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये पाण्याची पातळी किती खोल आहे ते दोरी सोडून मोजा. ऑगस्टमध्ये पाणी हाताला लागेल इतकं वर येत असेल तर खालून चढणाऱ्या ओलीचं उत्तर मिळालं.

एक साधी चाचणी सगळ्यांनी करावी. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवा. थेंब कागदाच्या खोलीकडच्या बाजूला आले तर ती खोलीतल्या हवेची वाफ आहे: कोंदट खोली, आत वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते आहे.

आणखी एक गोष्ट जी हमखास चकवते. भिंत फेब्रुवारीत कोरडी, नळ ठीक, नाली ठीक, तरी ऑगस्टमध्ये तेच तेच ठिपके ओले होतात. हे भिंतीतलं मीठ हवेतली ओल पिऊन घेतं. साधं मीठसुद्धा हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाझरायला लागतं, आणि गोठ्याकडच्या भिंतीतली नायट्रेट त्याहून कमी आर्द्रतेत. अशा ठिकाणी पाणी शोधत बसण्यात अर्थ नाही, तिथे उपाय मिठावरच करावा लागतो.

जोत्याच्या दरजा

हा भाग छोटा वाटतो म्हणून राहून जातो, आणि माझ्या मते अर्धं नुकसान इथूनच सुरू होतं. काळा दगड स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही. म्हणजे जोत्यातून ओल बाहेर पडण्याची वाट एकच: दोन दगडांमधली दरज. मूळ दरजा चुन्याच्या होत्या, त्या झिजत, पुन्हा भरत. आता जोतं "छान दिसावं" म्हणून त्या दरजा उकरून त्यात सिमेंट भरतात आणि वर फुगीर पट्टी ओढून काळा रंग देतात. दगडाने पाणी सोडायचं नाही, सिमेंटने सोडायचं नाही. मग ते वरच्या विटेत जातं. जोत्यावरची पहिली तीन-चार थरांची वीट हाताने चुरता येईल इतकी भुसभुशीत झालेली दिसते ती यामुळे. घरात काहीच करणं जमत नसेल तर निदान बाहेरच्या जोत्याच्या दरजा मोकळ्या करा. सिमेंट छोट्या छिन्नीने इंच-दीड इंच खोल काढा, आत पाणी शिंपडा आणि चुना, सुरखी (विटांची भुकटी) आणि रेतीच्या मसाल्याने दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत दाबून भरा. कडेवर मसाला फासू नका.

आतल्या बाजूचा ऑइलपेंटचा पट्टा हेच काम करतो. भिंत मळू नये म्हणून तीन-चार फुटांपर्यंत ऑइलपेंट द्यायची पद्धत घरोघरी आहे, आणि आता त्या जागी टाईल्स आल्या. दोन्ही ओलीला वर ढकलतात. पट्ट्याच्या बरोबर वरच्या रेषेत फुगे येत असतील तर कारण शोधायला लांब जायला नको.

सिमेंट काढताना

घाई इथे महाग पडते. विजेवर चालणारं ब्रेकर मशीन जुन्या भिंतीला लावू देऊ नका. त्याच्या हादऱ्याने मातीचा जोड सुटतो आणि मागचा मातीचा भराव खाली बसतो. आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज येतो तिथला गिलावा सहज निघतो. घट्ट बसलेल्या भागात आधी वीतभर अंतराने उभ्या-आडव्या खाचा पाडा, मग छिन्नी जवळजवळ भिंतीला समांतर धरून कडेकडेने उचला. विटेची साल सोबत निघायला लागली की थांबा. तेवढा तुकडा राहू द्या. सगळं सिमेंट काढलंच पाहिजे असा हट्ट करून वीट गमावण्यात शहाणपणा नाही. आजूबाजूचा भाग मोकळा झाला तरी ओलीला वाट मिळते. खराब पट्टा जिथे संपतो त्याच्या निदान फूट-दीड फूट वरपर्यंत काढा.

भिंत उघडी केली की तिला वाळू द्या. जाड भिंतीला यासाठी महिने लागतात, कधी वर्षही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं तेव्हा अनेकांनी दिवाळीपूर्वी घर सावरायच्या धडपडीत भिंती लगेच रंगवून घेतल्या. अडचण समजण्यासारखी होती, पण भिजलेल्या भिंतीला महिनाभरात झाकलं की आतली ओल आतच राहते. माझा सल्ला, सिमेंट पावसाळा संपल्या-संपल्या काढा, भिंत हिवाळाभर आणि जमलं तर उन्हाळाभर उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसतं, पाहुणे विचारतात, तरी ठेवा.

उघड्या भिंतीवर लोणा फुलू लागेल. हे चांगलं लक्षण आहे, मीठ बाहेर येतंय. ते पाण्याने कधीही धुऊ नका. विरघळून परत आत जातं. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद अंथरून ती भुकटी गोळा करा आणि घराबाहेर टाका. फार मीठ असेल तर लेप द्यावा लागतो: मुलतानी माती, बारीक धुतलेली रेती आणि भिजवून कुटलेला साधा कागद, हे बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात कालवून अर्धा-पाऊण इंच जाड थापा. पूर्ण वाळला की आपोआप सुटायला लागतो, मीठ त्यात आलेलं असतं. काढून फेकून द्या आणि पुन्हा नवा लावा. दोन-तीन वेळा तरी करावं लागतं.

चुना

चुन्याचं काम कार्तिकापासून माघापर्यंत. एप्रिल-मे मध्ये नको म्हणजे नकोच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्यात थोडी ओल टिकायला हवी. आपल्या उन्हाळ्यात तो घट्ट होण्याआधीच वाळून भुगा होतो.

दुकानातली चुन्याची पिशवी घेणार असाल तर आधी तपासा. चमचाभर भुकटी व्हिनेगरमध्ये टाका. जोरात फेस आला तर तो चुना हवेत पडून पुन्हा खडू झालेला आहे, गिलाव्याला कामाचा नाही. त्यापेक्षा कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, आणून स्वतः पाण्यात विरवलेला कधीही चांगला. कटनीकडचा चुना नागपुरात सहज येतो. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी घ्या आणि त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडा. उलटं कधीच करू नका. कळ्यांवर पाणी ओतलं तर उकळता चुना अंगावर उडतो. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. उकळी शांत झाली की जाळीतून गाळून खड्ड्यात किंवा झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा, वर चार बोटं पाणी राहू द्या. किमान महिनाभर तरी मुरला पाहिजे. मुरलेला चुना लोण्यासारखा लागतो, थापीला चिकटून राहतो आणि त्यात खडे लागत नाहीत. खडे राहिले तर ते नंतर भिंतीत विरतात आणि गिलाव्याला मुरमासारखे फोड येतात.

खालच्या ओलसर भागासाठी एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग रेती. वरच्या कोरड्या भागात सुरखी नसली तरी चालते, एकास तीन रेती पुरे. रेती कन्हानची मिळाली तर उत्तम, कुठलीही असो, धुऊन चाळलेली हवी. बाटलीत रेती आणि पाणी हलवून ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ती रेती पुन्हा धुवा. सुरखी कमी भाजलेल्या, मऊ, जुन्या विटांची. काळपट, खंगरलेली वीट चुन्याशी मिळत नाही. आणि याच लोणा लागलेल्या भिंतीच्या विटा कुटून सुरखी करू नका, त्यातलं मीठ परत त्याच भिंतीत जातं. गूळपाणी, बेलफळाचा गर हे जुन्या पद्धतीत आहे आणि कोरड्या भिंतीवर त्याला माझी हरकत नाही. पण ओल असलेल्या पट्ट्यात मी ते घालत नाही. बुरशीला खाद्य मिळतं. मसाल्यात "ताकदीसाठी" मूठभर सिमेंट टाकायचा मोह प्रत्येक मिस्त्रीला होतो. तिथे उभं राहून नाही म्हणा. त्या मुठीने चुन्याची छिद्रं भरतात आणि मीठही वाढतं.

तुटलेल्या विटांच्या जागी पाडलेल्या जुन्या घरातल्या विटा शोधा. महाल-इतवारीत दर वर्षी घरं पाडली जातात, विटा आणि सागाचं लाकूड दोन्ही मिळतं. मीठ नसलेल्या, वरच्या मजल्याच्या भिंतीतल्या विटा मागा.

लावण्याआधी भिंत आदल्या संध्याकाळी आणि कामाच्या वेळी शिंपडून घ्या. थपथपीत नाही, ओलसर. पहिला हात अर्ध्या इंचापेक्षा कमी, त्यावर ओरखडे. नखाने दाबलं तर खूण पडेनाशी झाली की दुसरा हात. मधे आठवडा-दहा दिवस जातातच. ओलं बारदान लावून किंवा बारीक फवारा मारून दोन आठवडे तरी ओल टिकवा. पंखा लावून वाळवू नका. मीठ फार असलेल्या भिंतीवर पहिला गिलावा तात्पुरता समजा: कमी चुन्याचा, जरा भुसभुशीत. तो वर्ष-दोन वर्षांत मीठ शोषून खराब होईल, मग तो खरवडून पक्का गिलावा करा. हे ऐकून लोक निराश होतात, पण मिठाने भरलेल्या भिंतीला याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

वर पातळ चुन्याचे चार-पाच हात. रंग हवा असेल तर गेरू, पिवळी माती, किंचित नीळ. चुना हाताला लागू नये म्हणून त्यात खायचं मीठ टाकायची जुनी युक्ती आहे, ती अशा भिंतीला वापरू नका. थोडा डिंक चालेल. पुट्टी, प्रायमर, प्लास्टिक पेंट यांपैकी काहीही वर आलं तर आतापर्यंतची सगळी मेहनत झाकली गेली असं समजा.

भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याचा उपाय हल्ली बरेच जण सुचवतात. एकसंध विटेच्या भिंतीत त्याचा काही उपयोग होऊ शकतो. आपल्या मातीच्या भरावाच्या, आत पोकळ्या असलेल्या जाड भिंतीत ते रसायन कुठे जातं याचा भरवसा नाही. मी सुचवत नाही.

लाकूड विसरू नका

ओलसर भिंत उघडी केलीच आहे तर तुळईचं भिंतीत गेलेलं टोक पाहून घ्या. सिमेंटने चहूबाजूंनी लिंपलेलं टोक आतून कुजतं आणि बाहेरून दिसत नाही. स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर लाकूड गेलं. टोकाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवून चुन्याने कड बांधा, म्हणजे हवा लागते. ओसरीच्या खांबाखालचा तळखडा नव्या फरशीत बुडवला असेल तर फरशी खांबाभोवती कापून दगड पुन्हा वर दिसू द्या. वाळवीच्या मातीच्या नळ्या मोडून तिथे पुन्हा येतात का पाहा. सागाला ऑइलपेंटपेक्षा कच्चं जवसाचं तेल मानवतं. जवस तर आपल्याच भागातलं. कोमट करून फडक्याने पातळ लावा, एका दिवसाने जास्तीचं पुसून घ्या. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

घर वारसा यादीत असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी हेरिटेज समितीची परवानगी लागते. आतल्या गिलाव्यासाठीही आधी विचारून घेतलेलं बरं.

मिस्त्री चुन्याला तयार नसेल तर वाद घालू नका. तीन फूट बाय तीन फूट तुकडा करून घ्या, तोही आतल्या एखाद्या मध्यम खराब भिंतीवर, आणि शेजारी त्याचा नेहमीचा सिमेंटचा तुकडा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. जुने मिस्त्री, साठीच्या पुढचे, बरेचदा बापाबरोबर चुना मळलेले असतात. विचारलं की आठवून सांगतात आणि त्यांच्या हाताखाली तरुण पोरं लवकर शिकतात.

काम झाल्यावर पहिल्या वर्षी थोडा लोणा येणारच. गिलाव्यावर पांढरी भुकटी दिसली की घाबरून रंग मागवू नका, कोरड्या ब्रशने झाडा. पावसाळ्यात खालचा पट्टा थोडा गडद दिसेल आणि कार्तिकात परत फिका होईल, तेही ठीक. कपाट, दिवाण भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गडद पट्ट्याची वरची रेषा पेन्सिलीने आखून ठेवा. पुढच्या वर्षी ती खाली आली तर काम बरोबर चाललंय. तिथेच राहिली किंवा वर गेली तर चुन्याला हात लावू नका. कूलरचा ट्रे, नाली, पन्हळ आणि पाण्याचं मीटर पुन्हा तपासा.